नाकाच्या मापापासून पेशीच्या नोंदीपर्यंत : आपल्या रक्ताची माहिती कोणाच्या हातात?

झरी जामणी तालुक्यातील एका गावात दोन वर्षांपूर्वी एक सोयरीक मोडली. मुलगा आपल्याच बौद्ध समाजातला. सिकलसेलच्या शिबिरात त्याचे रक्त तपासले गेले होते. हातात एक चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर एकच शब्द होता : पॉझिटिव्ह. मुलीकडच्यांनी तो शब्द वाचला आणि पुढे काही विचारले नाही. मुलाची आई मला म्हणाली, "भाऊ, पोराले बिमारी हाय म्हणते. मंग तो दिवसभर वावरात राबते कसा?"

काही महिन्यांनी तो मुलगा पैनगंगेपलीकडे आदिलाबादकडे कामाला गेला. तिथे ताप आला म्हणून दवाखान्यात गेला, रक्त पुन्हा तपासले गेले. या वेळी रिपोर्टवर लिहिले होते : एएस. म्हणजे तो वाहक होता, रुग्ण नव्हता. शिबिरात झाली होती ती सोल्युबिलिटी चाचणी. ती चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावी लागते. एकाच माणसाच्या रक्ताबद्दल दोन राज्यांत दोन कागद झाले. दोन्ही खरे होते. पण एकावरचा शब्द दुसऱ्यावरच्या शब्दाशी जुळत नव्हता, आणि त्या फटीत एका मुलाचे लग्न गेले.

मित्रांनो, माहितीचे प्रमाणीकरण, म्हणजे सगळ्यांनी एकाच मापाने मोजणे आणि एकाच शब्दांत नोंदवणे, हा विषय आपल्याला कोरडा वाटतो. तो प्रयोगशाळेतल्या लोकांचा विषय आहे असे आपण समजतो. आज जगभर माणसाच्या शरीरातील एकेक पेशी मोजून तिची नोंद एका सामायिक भांडारात ठेवण्याचे काम चालू आहे. त्याला सिंगल सेल जीनोमिक्स म्हणतात. त्या भांडाराचे रकाने कोणी ठरवायचे, त्यात कोणाचे रक्त जाणार, ते कोणाला पाहता येणार, यावर मोठी चर्चा चालू आहे आणि त्या चर्चेत आपण नाही. माझे म्हणणे असे की हा प्रश्न आपल्यासाठी नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो नाकाच्या मापाच्या रूपाने आपल्या दारात आला होता, आणि बाबासाहेबांनी त्याला उत्तरही दिले होते. ते उत्तर आठवल्याशिवाय आजचा प्रश्न कळणार नाही.

रिस्लेची फूटपट्टी

हर्बर्ट रिस्ले हा ब्रिटिश सनदी अधिकारी. त्याने बंगाल प्रांतातील जाती-जमातींची मोजणी केली आणि १८९१ च्या सुमारास ती मापे छापली. डोक्याची लांबी-रुंदी, उंची, नाकाची उंची आणि रुंदी. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणले की जो आकडा येतो त्याला नासिका निर्देशांक म्हणतात. रिस्लेचा दावा असा होता की या आकड्याने जातीची उतरंड कळते : नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खाली. पुढे तो १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला. त्या जनगणनेत जातींची सामाजिक प्रतवारी लावण्याचा उद्योग झाला. मनूने जे शास्त्राच्या नावाने सांगितले तेच आता विज्ञानाच्या नावाने सांगितले जाऊ लागले : जात म्हणजे वंश, वरचे आर्य, खालचे अनार्य, आणि अस्पृश्य त्याहून खालचे कोणीतरी.

यात मोजली गेलेली माणसे कोण होती? ज्यांना "नाही" म्हणता येत नव्हते ती. माप घेणारा साहेब, ओळ लावून देणारा स्थानिक अधिकारी, आणि समोर उभा केलेला माणूस. आपले नाक कोणत्या तक्त्यात गेले, त्यातून काय निष्कर्ष निघाला, हे त्याला कधी कळले नाही. संमती हा शब्दच तिथे नव्हता.

महालनोबिस यांचा प्रश्न

या मापांवर गंभीर शास्त्रीय प्रश्न उभा केला तो प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. १९२८ साली बायोमेट्रिका या नियतकालिकात त्यांनी जिवंत माणसांच्या मोजमापात प्रमाणीकरण का हवे यावर लेख लिहिला. मुद्दा साधा पण मुळावर घाव घालणारा होता. नाकाची उंची मोजायची म्हणजे नेमकी कुठून कुठपर्यंत? नाकाचे मूळ एका अभ्यासकाने एका ठिकाणी धरले आणि दुसऱ्याने थोडे वर धरले, तर एकाच माणसाचे दोन निर्देशांक निघतील. मग दोन अभ्यासकांनी मोजलेल्या दोन जातींमधला फरक हा जातींतला फरक की मोजणाऱ्यांतला?

१९३१ साली त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली आणि १९३३ साली संख्या हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी त्यांनी त्यात रिस्लेचे बंगालचे आकडे पुन्हा तपासून, त्यातील विसंगती आणि चुका शोधून, दुरुस्त करून प्रसिद्ध केले. १९३६ साली दोन समूहांमधले अंतर अनेक मापांवरून एकत्र कसे काढावे याचे सूत्र त्यांनी मांडले. ते महालनोबिस अंतर या नावाने आजही जगभर वापरले जाते. ज्या सूत्राचा जगभरचे संशोधक आज उपयोग करतात, त्याच्या जन्मामागे हा नाके आणि डोकी मोजण्याचा वाद होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. महालनोबिस हे करू शकले, कारण रिस्लेने मापे छापली होती. निष्कर्ष कितीही विषारी असला तरी त्यामागचे आकडे उघडे होते. आकडे कपाटात बंद असते तर फक्त निष्कर्ष उरला असता आणि तो कोणालाच तपासता आला नसता.

बाबासाहेबांनी काय केले?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९४८ साली बाबासाहेबांचा द अनटचेबल्स हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे, म्हणजे अस्पृश्य हे वेगळ्या, हीन वंशाचे लोक आहेत, हा सिद्धांत त्या काळी विद्वानांत प्रतिष्ठित होता. स्टॅन्ली राइस याने तो मांडला होता. बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला. कसा घेतला? भावनेने नाही, शिवीगाळ करून नाही. त्यांनी गो. स. घुर्ये यांच्या १९३२ सालच्या पुस्तकातील नासिका निर्देशांकांचे प्रांतवार तक्ते घेतले. घुर्ये हे मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख. जातीबद्दलची त्यांची मते बाबासाहेबांच्या मतांशी जुळणारी नव्हती. तरी बाबासाहेबांनी त्यांचे आकडे घेतले, प्रत्येक प्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले : दाखवा वंशभेद कुठे आहे?

त्यांचा निष्कर्ष अटीसह होता, आणि ती अट फार महत्त्वाची आहे. मानवमितीशास्त्र भरवशाचे आहे असे तुम्ही मानत असाल, तर तुमच्याच मापांवरून सिद्ध होते की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत. एक आर्य असेल तर दुसराही आर्य, एक द्रविड असेल तर दुसराही द्रविड, एक नाग असेल तर दुसराही नाग. म्हणजे मापे खरी मानली तर वंशसिद्धांत पडतो, आणि खोटी मानली तर त्याचा आधारच जातो.

मित्रांनो, बाबासाहेबांनी स्वतः एकही नाक मोजले नव्हते. त्यांच्याकडे कॅलिपर नव्हता, सर्वेक्षणाचा निधी नव्हता, हाताखाली मोजणारे कारकून नव्हते. होते ते दुसऱ्यांनी छापलेले तक्ते आणि स्वतःची प्रज्ञा. सामायिक, एकाच रकान्यात मांडलेली, सगळ्यांना वाचता येणारी माहिती हे शोषितांच्या हातातले हत्यार कसे होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही. शत्रूच्या वहीतूनच शत्रूचा हिशेब चुकीचा ठरवता येतो. पण त्यासाठी वही उघडी लागते आणि हिशेबाची भाषा एक लागते.

त्याआधी, ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या कास्ट्स इन इंडिया या निबंधात त्यांनी जातीचा गाभा कोणता ते सांगितले होते : जातीअंतर्गत विवाह. वंश नाही, रक्ताची शुद्धता नाही. लग्नाची कुंपणे म्हणजे जात. हा मुद्दा पुढे सिकलसेलकडे जाताना लागणार आहे.

नागपूर, १९५८

सिकलसेल हा आजार विज्ञानाला १९१० साली शिकागोत कळला. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी तो रेणूच्या पातळीवरचा आजार असल्याचे दाखवले. १९५७ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हिमोग्लोबिनच्या साखळीतला नेमका एक अमिनो आम्लाचा बदल दाखवला. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत त्याची नोंद झाली. आणि १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरहून मध्य भारतातील सिकलसेलबद्दल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. त्यात आपल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजातील प्रमाणाची नोंद होती. दोनच वर्षांपूर्वी त्याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत बुद्ध धम्म स्वीकारला होता. समाजाने जातीचे नाव टाकले आणि वैद्यकाच्या तक्त्यात ते नाव एका आजारासमोर लिहिले गेले.

तेव्हापासून आजपर्यंत आपल्याकडे एक चुकीची समजूत आहे : सिकलसेल ही "आपल्या लोकांची बिमारी". हे रिस्लेचे भूत आहे. सिकलचे जनुक टिकले ते मलेरियामुळे. एएस असलेल्या माणसाला गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे ते जनुक वाढले : आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठी, मध्य भारतात. ते विशिष्ट समाजांतच साठून राहिले याचे कारण बाबासाहेबांनी १९१६ सालीच सांगितले आहे : लग्नाची कुंपणे. जनुक निसर्गाने दिले, त्याला कोंडून ठेवले जातीने. जातीने घालून दिलेल्या बंदीचा परिणाम शरीरात दिसतो. त्यामुळे जात हा वंश ठरत नाही, ती बंदीच ठरते.

माप वेगळे असल्याची किंमत या आजारात आपण मोजली आहे. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहते, आणि ते सिकल हिमोग्लोबिनला आवर घालते. १९८६ साली ओडिशातील रुग्णांवरचा महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि भारतातला सिकलसेल तुलनेने सौम्य असतो अशी समजूत पसरत गेली. पण नागपुरातील डॉक्टरांनी आपल्या विदर्भातील मुलांच्या नोंदी मांडल्या तेव्हा चित्र वेगळे दिसले : वारंवार दुखण्याचे झटके, रक्त चढवणे, जंतुसंसर्ग. मग खरे काय? एक अभ्यास गावात फिरून रुग्ण शोधतो, दुसरा वॉर्डात दाखल झालेले रुग्ण मोजतो. एक जण दवाखान्यात यावे लागले तरच झटका धरतो, दुसरा घरी सोसलेले दुखणेही धरतो. व्याख्या एक नसेल तर "सौम्य" हा शब्द कोणाच्याही सोयीने वापरता येतो. आणि आजार सौम्य ठरला की त्यासाठीचा निधीही सौम्य होतो. हे आमच्या तालुक्यातील कोलाम पोडावरच्या आईला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

एकेक पेशी मोजणे म्हणजे काय?

आता आजच्या विज्ञानाकडे. पूर्वी रक्ताचा किंवा मांसाचा तुकडा घेतला की त्यातील लाखो पेशींचा एकत्र रस करून त्यातली जनुके किती चालू, किती बंद, याची सरासरी काढली जाई. सरासरीची लबाडी आपल्याला माहीत आहे. गावाचे सरासरी उत्पन्न काढले की वाड्याची श्रीमंती आणि बौद्धवाड्याची गरिबी दोन्ही गायब होतात. पेशींचेही तसेच होते. २००९ साली पहिल्यांदा सस्तन प्राण्याच्या एकाच पेशीतील सगळ्या चालू जनुकांचे वाचन झाले. २०१५ नंतर थेंबाथेंबात एकेक पेशी पकडून हजारो पेशी एकदम वाचण्याचे तंत्र आले.

सिकलसेलमध्ये याचे महत्त्व थेट आहे. दोन रुग्णांच्या रक्तात ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन सरासरीने सारखे असू शकते. पण एकाच्या बहुतेक पेशींत ते थोडे थोडे वाटलेले असते आणि दुसऱ्याच्या मोजक्या पेशींत भरपूर, बाकी पेशी कोरड्या. पहिल्याचे रक्षण होते, दुसऱ्याचे होत नाही. वाटणी कशी झाली आहे हे सरासरीतून दिसत नाही.

२०१६ साली लंडनमध्ये ह्यूमन सेल ॲटलास हा जागतिक प्रकल्प सुरू झाला : माणसाच्या शरीरातील सर्व प्रकारच्या पेशींचा नकाशा. पहिली अडचण कोणती आली? महालनोबिस यांचीच. एकच रक्त दोन प्रयोगशाळांत, दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या रसायनांनी तपासले तर आकडे वेगळे येतात. शास्त्रज्ञ याला बॅच इफेक्ट म्हणतात. एका गटाने एका पेशीला जे नाव दिले ते दुसऱ्या गटाने दिले नाही. म्हणून पेशींच्या नावांचा सामायिक कोश लागतो, फायलींचा एक ठरलेला साचा लागतो, आणि नमुन्यासोबतची माहिती, म्हणजे मेटाडेटा, ठरलेल्या रकान्यांत भरावी लागते : वय, लिंग, अवयव, आजार, तपासणीची पद्धत.

आणि त्या रकान्यांत एक रकाना आपल्या ओळखीचा आहे. चॅन झुकरबर्ग संस्थेने चालवलेल्या सेल-बाय-जीन या मोठ्या भांडारात मानवी नमुना टाकताना दात्याने स्वतः सांगितलेला वांशिक समूह हा रकाना भरावा लागतो. त्यात मनात येईल ते लिहिता येत नाही. ठरलेल्या यादीतून शब्द निवडायचा, नाहीतर माहीत नाही असे लिहायचे. साल बदलले, पण यादी कोण करतो हा प्रश्न १९०१ सालचाच आहे.

आशियाई रोगप्रतिकारक पेशींच्या नकाशाचे उदाहरण घ्या. २०२५ साली सेल या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. पाच आशियाई देशांतील सात लोकसमूह, ६१९ दाते, १२ लाख ६५ हजारांहून अधिक पेशी. भारतही त्यात आहे. युरोप-अमेरिकेच्या रक्तावर उभ्या असलेल्या विज्ञानात आशियाचे रक्त आले, हे चांगलेच झाले. प्रयोगशाळांमधला फरक ओळखता यावा म्हणून तुलनेचे नियंत्रण नमुनेही त्यात आहेत, हेही चांगले. पण सात समूहांत सिंगापूरचे भारतीय हा एक आणि भारतातले भारतीय हा एक. १४० कोटी लोकांसाठी एक शब्द. ज्या देशात हजारो जाती शतकानुशतके एकमेकांत लग्न करत नाहीत, त्या देशाची सरासरी काढून काय दिसणार? एकेक पेशी वेगळी पाहणारे विज्ञान समाजाकडे मात्र अजून गोळा करूनच पाहते.

उघडी माहिती, पण कोणासाठी?

माहिती सर्वांना खुली असावी हे तत्त्व जीनोम विज्ञानाने लवकर स्वीकारले. १९९६ साली बर्म्युडा येथे ठरले की मानवी जीनोमचे वाचलेले तुकडे २४ तासांच्या आत जाहीर करायचे. त्यामुळे ते ज्ञान कंपन्यांच्या तिजोरीत गेले नाही. २०१६ साली आणखी चार कसोट्या मांडल्या गेल्या : माहिती सापडावी, मिळावी, दुसऱ्या माहितीशी जुळावी, पुन्हा वापरता यावी. माझा याला पाठिंबा आहे. बाबासाहेबांनी घुर्यांचे तक्ते वापरले ते याच चार कसोट्यांवर उतरले म्हणून.

पण दुसरी बाजूही पाहा. अमेरिकेतील ॲरिझोनात हवासुपाई ही आदिवासी जमात. १९९० पासून त्यांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी विद्यापीठाला रक्त दिले. तेच रक्त पुढे मानसिक आजार, जमातीतील नातेसंबंधांतले विवाह, स्थलांतराचा इतिहास अशा अभ्यासांसाठी वापरले गेले. त्याची त्यांना कल्पना नव्हती. जमात न्यायालयात गेली. २०१० साली तडजोड झाली, सात लाख डॉलर भरपाई मिळाली आणि उरलेले रक्त जमातीला परत दिले गेले. २०१९ साली जगभरच्या आदिवासी कार्यकर्त्यांनी खुल्या माहितीच्या तत्त्वांना जोड दिली : सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नैतिकता. माहिती खुली करा, पण ज्यांची आहे त्यांना विचारून, त्यांना फायदा पोहोचवून.

आपल्या देशात काय चालले आहे? जीनोम इंडिया प्रकल्पात ८३ लोकसमूहांतील सुमारे दहा हजार जीनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरीदाबादच्या राष्ट्रीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांसाठी उपलब्ध झाली. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली : चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने विकसित केलेला सिकलसेलवरचा देशी जनुक-संपादन उपचार जाहीर झाला. त्याचे नाव बिरसा १०१, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिले गेले. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या अशाच उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे, हे पाहता देशी उपचाराचे मी स्वागतच करतो. पण प्रश्न विचारतो : उपचाराला बिरसाचे नाव दिले, बिरसाच्या लेकरांना समितीत खुर्ची दिली का? सात कोटी नोंदी कोण वापरणार, कोणत्या अटींवर, आणि झरी जामणीच्या पोडावर त्यातून काय परत येणार?

दोन आक्षेप

आपल्याच काही मित्रांचे म्हणणे असे की रक्तच देऊ नका. मी त्यांचा राग समजतो, पण हा मार्ग चुकीचा आहे. ज्या भांडारात आपण नाही, त्या भांडारावर घडलेले औषध आपल्या शरीरावर कसे चालेल हे कोणाला कळणार नाही. बहिष्कृत असणे हे आपल्या वाट्याला इतरांनी दिलेले आहे, ते आपण स्वतःहून का घ्यावे?

दुसरा आक्षेप असा की जात-जमातीचा रकानाच नको, त्यातून पुन्हा वंशवाद येईल. भीती खरी आहे. पण रकाना पुसल्याने जात जात नाही, फक्त दिसेनाशी होते. जनगणनेत जात मोजण्याची मागणी आपण ज्या कारणाने करतो, त्याच कारणाने हा रकाना हवा : कोण सुटले, कोणाला उपचार मिळाला नाही, हे त्याशिवाय कळणार नाही. मात्र तो रकाना सामाजिक समूह म्हणून लिहिला जावा, वंश म्हणून नव्हे. आणि तो सरसकट सगळ्यांना उघडा नको. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. जमात कोलाम, तालुका झरी जामणी, वय २२, एसएस, एवढे लिहिले की माणूस ओळखता येतो. पेशींच्या कच्च्या वाचनात तर माणसाचा जनुकीय ठसाच असतो. म्हणून आकड्यांचे तक्ते सर्वांना खुले, पण कच्ची माहिती आणि बारीक ओळख अर्ज, अट आणि उत्तरदायित्व यांच्या कुलपात, ही वाट योग्य आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे. त्यामुळे हे कुलूप कायदा आपोआप लावील या भ्रमात राहू नका.

आपण काय मागायचे?

पुढच्या शिबिरात, ग्रामसभेत, आरोग्य अधिकाऱ्यांसमोर हे मुद्दे ठेवा :

१. चिठ्ठीवर नुसते पॉझिटिव्ह नको. चाचणीचे नाव, तारीख, आणि पक्की तपासणी झाली असेल तर एए, एएस की एसएस हे स्पष्ट लिहा. पक्की तपासणी बाकी असेल तर तेही लिहा.

२. महाराष्ट्र आणि तेलंगणातील नोंद एकाच साच्यात असावी. माणूस कामासाठी पैनगंगा ओलांडतो, त्याचा कागदही ओलांडला पाहिजे.

३. संमती मराठी, कोलामी, गोंडी, तेलुगू अशा ज्याच्या त्याच्या भाषेत, तोंडी समजावून घ्यावी. तपासणीची संमती वेगळी आणि संशोधनाची वेगळी.

४. नमुना दुसऱ्या कामासाठी वापरायचा असेल तर पुन्हा विचारावे. निकाल गावात परत यावा.

५. ज्या समितीत रकाने ठरतात आणि माहितीचे अर्ज मंजूर होतात, त्या समितीत बौद्ध, आदिवासी, भटक्या समाजांचे प्रतिनिधी आणि सिकलसेलचे रुग्ण असावेत.

सहावी गोष्ट मात्र आपण आपल्याकडेच मागायची आहे. पेशींची ही भांडारे मोठ्या प्रमाणात आज खुली आहेत. यवतमाळ किंवा वणीच्या कॉलेजातील विज्ञानाचा विद्यार्थी इंटरनेट आणि साध्या संगणकावर त्यातील तक्ते उतरवून घेऊ शकतो, रकाने वाचू शकतो, कोण त्यात आहे आणि कोण नाही हे मोजू शकतो. आपल्या मुलांनी स्पर्धा परीक्षेबरोबर संख्याशास्त्र आणि जीवमाहितीशास्त्रही हातात घ्यावे. घुर्यांच्या तक्त्यांवर बाबासाहेबांनी जे केले ते या तक्त्यांवर करणारा आपल्यातून निघाला पाहिजे.

त्या मुलाचे लग्न पुढे दुसरीकडे जमले. या वेळी दोन्हीकडचे रिपोर्ट आधी वाचले गेले, एएस आणि एए यांचा अर्थ समजावून सांगितला गेला, आणि त्याची आई म्हणाली, "पहिलेच असं लिवलं असतं तं?" एवढाच आपला प्रश्न आहे, झरी जामणीतही आणि जगाच्या भांडारातही.

जय भीम! जय संविधान!